कागदावर पूर्ण, वर्गात अपुरे: हायस्कूलमधल्या शिक्षकसंख्येचा हिशेब

प्रश्न: भांडुपमधलं अनुदानित मराठी माध्यमाचं हायस्कूल. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, पट ४३५, शाळा दोन अधिवेशनांत भरते. गणिताचे सर मे महिन्यात निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. नववीचं गणित सध्या पीटीचे सर घेतात. ऑफिसात एक क्लार्क आणि अख्ख्या शाळेला एक शिपाई. मुख्याध्यापक म्हणतात, "संचमान्यतेप्रमाणे स्टाफ पूर्ण आहे." हे खरं असू शकतं का? नियमाने शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी किती हवेत, आणि आम्ही पालकांनी कुणाकडे दाद मागायची?

उत्तर:

मुख्याध्यापक खोटं बोलत नसावेत. गणिताला शिक्षक नाही आणि स्टाफ पूर्ण आहे, या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मुंबईच्या अनुदानित शाळांत तर हे सर्रास चालतं. मी अशाच एका हायस्कूलच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. दरवर्षी संचमान्यतेची (म्हणजे शाळेला किती पदं मंजूर, या सरकारी हिशेबाची) माहिती भरायची, आलेला आदेश मुख्याध्यापकांना उलगडून सांगायचा आणि मग स्टाफरूममधला गदारोळ ऐकायचा, हे माझं काम होतं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

शाळेतल्या शिक्षकांचे तीन आकडे असतात: मंजूर किती, कार्यरत किती, आणि आज मस्टरवर सही करून खरोखर वर्गावर गेले किती. सरकारी बैठकीत पहिल्या दोन आकड्यांवर बोलणं होतं. तुमच्या मुलाला तिसरा भेटतो.

मंजूर आकडा संचमान्यतेतून येतो. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेला किती पदं देय आहेत ते ठरवतं आणि तो आदेश ऑनलाइन निघतो. पट पाचवीपर्यंतचा वेगळा, सहावी ते आठवीचा वेगळा आणि नववी-दहावीचा वेगळा मोजतात. पाचवी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याची परिशिष्टातली मोजपट्टी आहे: पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. शिवाय सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक हवाच. नववी-दहावी त्या कायद्यात येत नाही, तिथे राज्याचे शासन निर्णय चालतात. त्यातला २८ ऑगस्ट २०१५ चा निर्णय महत्त्वाचा आणि त्याचे निकष बदलणारा १५ मार्च २०२४ चा. या दुसऱ्यावर शिक्षक संघटना का खवळल्या, ते खालच्या हिशेबावरून कळेल.

आमच्या उमेदीच्या काळात पदं तुकडीवर मिळायची. पाचवी ते सातवीला तुकडीमागे १.३ आणि आठवी ते दहावीला १.५ शिक्षक. हे दशांशातले शिक्षक ऐकून बाहेरची माणसं हसायची, पण त्यामागे वेळापत्रकाचा सरळ हिशेब होता. आठवड्याच्या ४८ तासिका धरा. तुकडीला दीड शिक्षक म्हणजे एका शिक्षकाकडे ३२ तासिका. उरलेल्या वेळात वह्या तपासणं, पेपर काढणं, गैरहजर शिक्षकाचा तास घेणं. ओढाताण होती, पण निभायचं.

आता पदं डोक्यावर मिळतात, म्हणजे पटावर. तुमच्या ४३५ पैकी सहावी ते आठवीला समजा २१६ मुलं आहेत. ३५ ने भागा: सहा पदं, आणि वर सहा मुलं उरली. वरच्या उरलेल्या मुलांवर पुढचं पद केव्हा द्यायचं याची कोष्टकं ठरलेली आहेत, आणि सहा मुलांवर सहसा कोणी पद देत नाही. पण तुकड्याही सहाच आहेत. सहा तुकड्यांच्या तासिका होतात २८८. सहा शिक्षकांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८, म्हणजे आठवड्यातली एकूण एक तासिका. मोकळा तास शून्य. जुन्या मापाने याच तुकड्यांना आठच्या आसपास शिक्षक मिळाले असते. प्रत्यक्षात चित्रकला-पीटीच्या तासिका त्या त्या शिक्षकांकडे जातात, नववी-दहावीचा एखादा शिक्षक खाली उतरतो, कुठे दोन तुकड्या एकत्र बसवतात आणि गाडी चालते. पण संचमान्यता पूर्ण असूनही पीटीच्या सरांच्या हातात गणिताचं पुस्तक का, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे.

आणि तो पटही तुमच्या हजेरीतला नव्हे. गेली काही वर्षं आधार पडताळणी झालेलीच मुलं संचमान्यतेला धरतात. नाव, लिंग, जन्मतारीख या तिन्ही गोष्टी शाळेच्या नोंदीशी जुळल्या तरच मूल व्हॅलिड. आता मुंबईतली शाळा डोळ्यांपुढे आणा. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, आडनाव आधी. आधारवर मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. एका मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावापुढे 'भाऊ' लागलेलं, शाळेच्या दाखल्यात नाही. एकाच्या जन्मतारखेत १ जानेवारी, कारण गावाकडे कार्ड काढताना नुसतं साल सांगितलं होतं. आईवडील कामावर, आधार केंद्रावर रांग, कार्ड दुरुस्त होऊन येईपर्यंत सप्टेंबर उलटतो. वर्गात बसणारी, परीक्षा देणारी, डबा खाणारी पोरं कागदावर मोजलीच जात नाहीत. पदाच्या काठावरच्या शाळेत अशा चारपाच नावांवर एका शिक्षकाची नोकरी इकडची तिकडे होते. म्हणून पालक-शिक्षक संघाला मी पहिलं काम हेच सांगते: वर्गशिक्षकांकडून इनव्हॅलिड मुलांची यादी घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या पालकांच्या मागे लागा. मोर्चा काढण्यापेक्षा यातून जास्त पदं वाचतात.

पट मुळातच का घटतोय, ते भांडुपकरांना मी काय सांगणार. चाळी पाडून टॉवर उठले, माणसं डोंबिवली-बदलापूर-विरारला गेली आणि जी राहिली त्यांनी पोरं इंग्रजी माध्यमात घातली. परळ-लालबागच्या शाळांनी हे आधी पाहिलं, उपनगरं आता बघतायत.

आता गणिताच्या सरांकडे येऊ. ते निवृत्त झाले तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडली असणार. एक, पद मंजूर आहे पण रिक्त आहे. दोन, पट घटल्यामुळे एक पद कमी होणारच होतं, ते सरांच्या निवृत्तीबरोबर गेलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, इलाज मात्र पूर्ण वेगळे. मुख्याध्यापक 'पूर्ण' म्हणतायत त्यावरून तुमच्याकडे दुसरा प्रकार झालेला दिसतो. शाळेत भाषेचे चार आणि गणिताचे दोन शिक्षक असतील आणि गणिताचा एक गेला, तर आकडा बरोबर जुळतो. भाषेचे चौघे जागच्या जागी, अतिरिक्त (मंजूर पदांपेक्षा जास्त) कोणीच ठरत नाही, संस्था खूश, खातं खूश. दहावीचं बीजगणित-भूमिती कोण शिकवणार, हे विचारायला त्या आदेशात रकानाच नाही. मला विचाराल तर संचमान्यतेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. पदसंख्येच्या वादात विषयाचा प्रश्न बाजूला पडतो, आणि संस्थाही तो मुद्दाम काढत नाहीत, कारण मग भाषेचा एक शिक्षक अतिरिक्त दाखवून समायोजनात दुसऱ्या शाळेत पाठवावा लागेल. तो शिक्षक पंचवीस वर्षं शाळेत असतो. त्याला जा म्हणणं सोपं नाही, हेही खरंच.

पद रिक्त असेल, तरी ते उद्या भरलं जात नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणे संस्थेला आधी खात्याकडे विचारावं लागतं की अतिरिक्त यादीत या विषयाचा कोणी आहे का. असेल तर त्याला घ्यायचं. नसेल तर बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, मग पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर जाहिरात टाकायची. पोर्टलवर उमेदवार येतात ते अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. त्याआधी २ मे २०१२ च्या निर्णयाने भरतीवर बंदी होती. आज मुंबईतल्या बहुतेक स्टाफरूममध्ये पन्नाशीपुढचे आणि तिशीच्या आतले शिक्षक दिसतात, मधली पिढीच नाही, ती या बारातेरा वर्षांत गळाली. नवा उमेदवार आला तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला त्याचं मानधन २०२३ पासून १८,००० रुपये आहे, आधी ८,००० होतं. अठरा हजारांत भांडुपला खोली घेऊन राहून दाखवा! साताऱ्या-सांगलीहून आलेला मुलगा बदलीची किंवा गावाजवळच्या शाळेची वाट बघत दिवस काढतो, त्याला दोष देता येत नाही.

तोपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे देऊन, कोणाला तरी घ्यायचं. पगार संस्थेने द्यायचा, आणि संस्थेकडे पैसे नसले की पालकांकडे वळायचं. ऐच्छिक देणगी द्यायची असेल तर जरूर द्या, पण सक्तीची वर्गणी देऊ नका. आणि दिलीत तर ती कोणत्या विषयाच्या तासांसाठी हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

तिसरा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर जाणारे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला मनाई आहे. अपवाद दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. हा तिसरा अपवाद सगळं गिळतो. मतदार याद्या, बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम, प्रशिक्षण, मतदान, मोजणी. मुंबईत माणसं लागतात भरपूर आणि हुकूम काढायला सर्वांत सोपी यादी शाळांची. एखादी बाई १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर, एक सर दहावीच्या पेपर तपासणीला, दोघं बीएलओ. संचमान्यतेत सगळे हजर, आणि खाली चार वर्गांवर बाईच नाहीत. तुमच्या शाळेत आज किती जण अशा ड्यूटीवर आहेत हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. ते बहुधा मोकळेपणाने सांगतील. त्यांनाही कोणीतरी विचारायला हवं असतं.

शिक्षकेतरांविषयी पालक सहसा विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत, बरं केलंत.

लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक यांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती याचं माप, २८ जानेवारी २०१९ च्या निर्णयाने ठरला. तोही पटावरच. साडेचारशेच्या आतबाहेरच्या शाळेत एकटा क्लार्क असणं म्हणूनच नवलाचं नाही. पण त्या एका माणसाच्या टेबलावर काय असतं ते सांगते. शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर पगारबिलं. युडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याची, माहिती, प्रत्येक मुलाची आणि प्रत्येक वर्गखोलीची. आधार आणि अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक). शिष्यवृत्तीचे अर्ज. दहावीचे बोर्डाचे फॉर्म, त्यात एका अक्षराची चूक झाली तर पुढे आयुष्यभराची दुरुस्ती. आठवीपर्यंतच्या पोषण आहाराच्या नोंदी. निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन प्रकरणं, सेवापुस्तकं, वेतनश्रेणीचे प्रस्ताव. आणि खिडकीत उभे असलेले पालक: बोनाफाईड द्या, दाखला द्या, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची १९५८ सालची नोंद शोधून द्या. ती शोधायला जुनं रजिस्टर काढायचं तर पानं हातात तुटतात. मुंबईच्या जुन्या शाळांत हे काम रोजचं आहे. एकट्या क्लार्कला हे सगळं झेपत नाही, मग संगणक येणारा एखादा तरुण शिक्षक ऑफिसात बसवतात. बहुतेक वेळा तो गणित किंवा विज्ञानाचा असतो. म्हणजे क्लार्कची कमतरता फिरून तुमच्या गणिताच्या तासावरच येते.

शिपायांचं तर विचारूच नका. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं नव्याने भरणं बंद झालं. असलेला शिपाई निवृत्त होईपर्यंत राहणार, तो गेला की पदही गेलं. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो, मुंबईत पदामागे महिना १०,००० रुपये. दोन अधिवेशनांच्या शाळेत पहिला माणूस पावणेसातला गेट उघडतो आणि संध्याकाळी सहानंतर शेवटच्या खिडक्या लागतात. हे बारा तास दहा हजारांत कोण करणार? मग मधल्या सुट्टीत जिन्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही, तास मुलं वाजवतात, शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात टपाल द्यायला शिक्षक जातो आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्या विज्ञानाच्या बाई स्वतः धुतात. जिथे धुवायला वेळ नाही तिथे प्रयोग फळ्यावर होतात. शाळेची तपासणी करणारे वर्ग बघतात, जिने क्वचितच बघतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण घडलं, त्यानंतर सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी यांचे हुकूम निघाले. पण कंत्राटावर आज आलेला आणि पुढच्या महिन्यात गेलेला माणूस कितीदा पडताळणार? विशेषतः मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कायमची बाई सेविका असणं ही मी पालकांची पहिल्या क्रमांकाची मागणी करेन, गणिताच्या शिक्षकाच्याही आधी. हे काहींना पटणार नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात माध्यमिकला अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. बऱ्याच अनुदानित शाळांत असा शिक्षक फिरतीवर येतो. तुमच्या शाळेत कधी येतो ते विचारून ठेवा. समुपदेशकाचंही तेच.

महापालिकेच्या शाळांचं गणित थोडं निराळं असतं, तिथे नेमणूक पालिकेची आणि शिक्षक एका शाळेतून दुसरीकडे हलवता येतो. अडचण येते ती माध्यमाची. पालिका आठ भाषांतून शाळा चालवते, आणि एका माध्यमात शिक्षक जास्त झाले म्हणून त्यांना दुसऱ्या माध्यमाच्या वर्गावर उभं करता येत नाही.

आता तुम्ही काय करायचं. मुख्याध्यापकांकडे चालू वर्षाच्या संचमान्यता आदेशाची प्रत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये आणि तीस दिवस. सोबत शाळेचं वर्गवार वेळापत्रक आणि शिक्षकवार तासिकांचा तक्ता मागा. हा तक्ता प्रत्येक शाळेत असतो आणि आदेशापेक्षा जास्त बोलतो. युडायसच्या संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून तिथे शिक्षक किती दाखवलेत तेही बघा. हे सगळे कागद शेजारी ठेवलेत की दुखणं कुठलं ते कळेल.

पद रिक्त निघालं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ चा आधार घ्या: सरकारी किंवा मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. मात्र हे कलम आठवीपर्यंतच्या वर्गांनाच लागू पडतं, नववी-दहावीसाठी ते पुढे करू नका, समोरचा लगेच उडवून लावेल. पद रिक्त नसून विषयाचा शिक्षक नसेल, तर मागणी 'शिक्षक द्या' अशी लिहू नका. 'गणिताच्या आठवड्याच्या अमुक तासिका पात्र शिक्षकाविना आहेत, समायोजनातून विषय शिक्षक द्यावा' असं लिहा. पहिल्या अर्जाला 'संच पूर्ण आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं. दुसऱ्याला तसं देता येत नाही.

अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह पाठवा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतंच आहे, तरी ठरावाचा कागद फाइलला लागतो आणि फाइल हलते. मुंबईत जिल्हा परिषद नसल्यामुळे माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक असतात, दक्षिण, उत्तर आणि पश्चिम असे तीन. भांडुप उत्तर विभागात येतं, त्यांचं कार्यालय चेंबूरला. एक प्रत विभागीय उपसंचालकांना आणि एक संस्थेच्या सचिवांना. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का बघून घ्या, नुसती सही चालत नाही. तीन आठवड्यांनी त्या क्रमांकानिशी जाऊन विचारा. बोलायला एखाद्या गृहिणी आईला पुढे करा. नोकरदार बाबा एकदा रजा काढून येतात आणि परत फिरकत नाहीत, हे कार्यालयातल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

अर्ज देताना मुख्याध्यापकांना आधी दाखवा. ते तुमच्या बाजूचे आहेत, फक्त त्यांना लेखी तक्रार करता येत नाही. आणि दहावीच्या मुलांसाठी दिवाळीपर्यंत थांबू नका: शेजारच्या शाळेत अलीकडे निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक शोधा. तासिका तत्त्वावर महिनाभरात सुरुवात करता येते, बाकीचं कागदपत्र मागाहून चालू राहील.